मास्टर विठ्ठल
१४. मास्टर विठ्ठल (मृ. १९६९) : मूकपटांतील तलवारबाज नायक. उमेदवारी कोल्हापुरात, बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत. कीर्ती मुंबईच्या शारदा कंपनीच्या साहसपटांनी. ‘आलम आरा’साठी ते अर्देशिर इराणींकडे गेले, तेव्हा शारदाने करारभंगाचा दावा लावला. विठ्ठल यांची बाजू बॅरिस्टर जिना यांनी लढवली व जिंकली. १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिक चित्रपटगृहात झळकलेल्या या पहिल्या भारतीय बोलपटाचे ते नायक ठरले. पण उर्दू उच्चार साधेनात. पुढे मराठी चित्रपटांत त्यांनी लहानमोठ्या भूमिका केल्या. बोलपटाच्या इतिहासात त्यांचे नाव एका ओळीपुरते येते. मूकपटांतील त्यांचे कर्तृत्व त्याहून कितीतरी मोठे आहे, म्हणून ही नोंद. — संपादक