सुरमईच्या कल्ल्यातला हत्यारबंद

आमच्या पेडगावापासून समुद्र फार लांब. तरी आज लिहायचे आहे ते मुंबईच्या सुरमईच्या कल्ल्यात चिकटून बसणाऱ्या एका जीवाविषयी, आणि त्याच्या बारशाविषयी. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेला मास्तर, प्राणिशास्त्र माझा विषय नव्हे. पण नावे कशी पडतात हा भाषेचाही इतिहास आहे, म्हणून हे धाडस.

हा जीव कोपेपॉड गटातला, म्हणजे खेकडा-कोळंबीचा अगदी धाकटा भाऊबंद. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ ‘वल्ह्यासारखे पाय असणारा’. याचाच गोड्या पाण्यातला एक नातलग आपल्या जुन्या माणसांना नाव न कळताच भोवत होता. बारवेच्या पाण्यातल्या सायक्लॉप्सच्या पोटात नारूच्या अळ्या असत. ते पाणी प्यायले की वर्षभराने पायातून हातभर जंत बाहेर येई. पाणी फडक्याने गाळून प्या, असे आम्हाला शाळेत सांगत ते याच्यासाठी. भारत नारूमुक्त जाहीर झाला तो २००० साली. असो.

समुद्रातल्या कोपेपॉडांपैकी कित्येक माशांच्या अंगावर राहतात. १८९८ च्या जानेवारीत लंडनच्या ‘अ‍ॅनल्स अँड मॅगझिन ऑफ नॅचरल हिस्टरी’ या मासिकात मुंबईच्या माशांवर सापडलेल्या नव्या परजीवी कोपेपॉडांवर एक लेख आला. लेखक पर्सी बॅसेट-स्मिथ, ब्रिटिश आरमारातले डॉक्टर. पुढे माल्टा तापावरच्या कामासाठी त्यांचे नाव झाले. मुंबईत १८९६ च्या सप्टेंबरात प्लेग उघड झाला होता, त्याला दीड वर्षही झाले नव्हते. लोक शहर सोडून पळाले होते त्याच काळाच्या आसपास एक डॉक्टर माशांचे कल्ले उघडून पाहत होता, याचे मला नवल वाटते. त्याने वर्णिलेल्या एका जातीचे नाव आहे कॅलिगस फिप्सोनी. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव तेव्हा एच. एम. फिप्सन होते, एवढे सांगितले की पुरे.

पण माझा विषय दुसरा. सुरमईच्या कुळातल्या माशाच्या कल्ल्यांवर त्यांना एक लांबट, काही मिलिमीटरचा जीव मिळाला. तो कोणत्याच माहीत असलेल्या प्रजातीत बसेना. (शास्त्रात ‘जाती’ म्हणजे एक घर म्हणा, ‘प्रजाती’ म्हणजे भावकी.) म्हणजे नवी भावकीच मांडायला हवी होती. त्यांनी नाव दिले हेलेरिया आर्माटा. हेलेरिया हे उघडच कामिल हेलर या ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञाच्या मानार्थ, आर्माटा म्हणजे हत्यारबंद. कल्ल्याच्या पात्यांत आकडे रुतवून बसणाऱ्याला हे शोभतेही.

नाव टिकले नाही. भूमध्य समुद्रातल्या बेटांवर जमिनीवर राहणाऱ्या, याच कवचधारी प्राण्यांपैकी एका किड्याला हेलेरिया हे नाव १८६८ सालीच मिळालेले होते. आणि प्राणिशास्त्राचा नियम असा की एक प्रजातिनाम दोघांना चालत नाही, आधी ज्याचे त्याचेच. आमच्या शाळेच्या हजेरीत एका वर्गात दोन-दोन पांडुरंग सुखाने नांदत. शास्त्रात तशी सोय नाही. बॅसेट-स्मिथ यांनी त्याच वर्षी नवे नाव दिले, सिबिकोला. म्हणजे सिबियममध्ये वस्ती करणारा.

सिबियम हे तेव्हा सुरमईचे शास्त्रीय नाव. फ्रान्सिस डे यांच्या हिंदुस्थानातल्या माशांवरच्या मोठ्या ग्रंथातही तेच आहे. ते क्यूव्हिए यांनी १८२९ साली दिलेले. पण लासेपेद यांनी १८०१ सालीच स्कोंबेरोमोरस असे नाव देऊन ठेवले होते, आणि पुढे पुन्हा त्याच ‘आधी आला तो धनी’ या नियमाने सिबियम मागे पडले. घरमालकाचे नाव बदलले, पण भाडेकऱ्याच्या नावात जुनेच राहिले! कोळीवाड्यात मात्र सुरमई ती सुरमईच.

मुंबईच्या माशांवरच्या कोपेपॉडांचा अभ्यास पुढे १९५० च्या दशकात रांगणेकर आडनावाच्या अभ्यासकांनीही केला. मला त्याहून मोलाचे वाटते ते १९८३ चे काम. क्रेसी, कोलेट आणि रुसो या तिघांनी सुरमई-बांगड्याच्या कुळातल्या माशांची आपसातली नाती आणि त्यांच्यावरचे कोपेपॉड शेजारी शेजारी ठेवून पाहिले. कोणता परजीवी कोणाकडे राहतो, यावरून यजमानांच्या सोयरिकीचा माग काढायचा. म्हणजे कोळीण कल्ल्यासकट काढून फेकते त्या कचऱ्यात माशाची वंशावळ असते.