‘हॉली’ ते मारांडी : एका काटेरी नावाचा प्रवास

नाहूर स्थानकातून पूर्वेकडे निघून द्रुतगती महामार्ग ओलांडला की मिठागरे लागतात आणि त्यांच्या पलीकडे ठाणे खाडीचे कांदळवन. तिवरांच्या आडोशाला, भरतीचे पाणी जेथे पोहोचते अशा चिखलात, कमरेएवढ्या उंचीचे एक काटेरी झुडूप दाटीने वाढलेले दिसते. पाने चकचकीत आणि चिवट. त्यांच्या कडा खोल दातेरी, प्रत्येक दाताच्या टोकाला काटा. उन्हाळ्यात त्याला निळसर जांभळ्या फुलांचे उभे तुरे येतात. मराठीत या वनस्पतीला मारांडी म्हणतात. इंग्रजी पुस्तकांत मात्र ती ‘सी हॉली’ किंवा ‘हॉली मॅन्ग्रोव्ह’ या नावाने येते आणि वनस्पतिशास्त्राने तिला दिलेले ‘अकॅन्थस इलिसिफोलियस’ हे नावही तेच सांगते : हॉलीसारखी पाने असलेली.

हॉली हा युरोपातील सदाहरित वृक्ष. नाताळच्या शुभेच्छापत्रांवर काटेरी हिरवी पाने आणि लालचुटुक फळे यांची जी डहाळी छापलेली असते, ती त्याची. मुंबईच्या खाडीशी त्याचा सुतराम संबंध नाही. तरीही त्याचे नाव नाहूरच्या चिखलापर्यंत आले, ते कसे, हे पाहण्यासाठी सुमारे हजार वर्षे मागे जावे लागते.

प्राचीन इंग्रजीत या झाडाला ‘होलेन’ किंवा ‘होलेग्न’ म्हणत. डच भाषेतील ‘हुल्स्ट’ हा त्याचाच भाऊबंद. शब्दाच्या मुळाशी ‘टोचणे’ हा अर्थ असल्याचे व्युत्पत्तिशास्त्रज्ञ मानतात. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच शब्दांचा लोंढा आला आणि अनेक जुने शब्द वाहून गेले, हा टिकला. गंमत अशी की, हॉलीसाठी फ्रेंचमध्ये असलेला ‘हू’ हा शब्दही मूळचा फ्रान्सचा नव्हेच. तो फ्रँक टोळ्यांच्या जर्मानिक बोलीतून तेथे गेला. म्हणजे जेत्यांकडेही या झाडासाठी होता तो एक लांबचा चुलतभाऊच.

मध्ययुगीन इंग्रजीला प्रमाणलेखन नव्हते. लेखनिक आपल्या गावी जसे ऐकू येई तसे लिही. त्यामुळे ‘होलेन’ची शकले झाली. काही ठिकाणी ‘होलिन’ किंवा ‘हॉलिन’ राहिले. काही ठिकाणी शेवटचा ‘न’ गळून ‘होलि’ उरले, त्यातूनच आजचे ‘हॉली’ आले. आणखी कोठे ‘न’चा ‘म’ होऊन ‘होल्म’ झाले, त्याचा उच्चार पुढे ‘होम’ होऊ लागला. पूर्व किनाऱ्याकडे नॉर्स वळणाचे ‘हल्व्हर’ हे चौथेच नाव रूढ होते. एकाच देशात एकाच झाडाची चार नावे! गावागणिक वनस्पतींची नावे बदलण्याची सवय असलेल्या मराठी माणसाला त्यात नवल वाटू नये.

यातील ‘होल्म’ने पुढे बराच घोटाळा केला. नॉर्स भाषेत ‘होल्म’ म्हणजे बेट किंवा पाण्याने वेढलेली उंचवट्याची जमीन; स्टॉकहोम या शहराच्या नावात तेच आहे. त्यामुळे होम्स या आडनावाचा मूळ पुरुष पाणथळ बेटावर राहत होता की हॉलीच्या झाडापाशी, हे केवळ आडनावावरून ठरवता येत नाही. शेरलॉक होम्सच्या आडनावाचा हा गुंता शेरलॉक होम्सलाही सुटला नसता. दुसरा गैरसमज अधिक पसरलेला आहे. हॉली नाताळशी जोडलेली, म्हणून ‘होली’ म्हणजे ‘पवित्र’ या शब्दापासून तिचे नाव पडले, असे हौसेने सांगितले जाते. प्रत्यक्षात ‘पवित्र’ या अर्थाचा प्राचीन इंग्रजी शब्द ‘हालिग’. दोन्ही शब्द मुळात वेगळे, केवळ उच्चाराने जवळ आलेले. हॉलिवूडच्या नावातही पावित्र्य नाही, हॉलीच आहे. आणि त्यातला ‘ह’ काढून बॉम्बेचा ‘ब’ बसवला की ‘बॉलिवूड’ होते. मुंबईच्या चित्रपटसृष्टीच्या टोपणनावातही या काटेरी झाडाचा तुकडा अडकलेला आहे.

मध्ययुगीन इंग्लंडला हॉलीचे मोल होते ते सजावटीपुरते नव्हे. हिवाळ्यात गवत संपले की उत्तरेकडील डोंगराळ भागात मेंढ्या आणि गुरे यांना हॉलीची पाने खाऊ घालत. त्यासाठी राखलेल्या राईला ‘हॉलिन्स’ म्हणत आणि ते नाव आजही तेथील वाड्यावस्त्यांना आहे. खालच्या फांद्यांची पाने काटेरी, तर जनावरांचे तोंड पोहोचत नाही अशा वरच्या फांद्यांची बरीचशी बिनकाट्याची असतात. शेतकरी वरचीच तोडत.

याच सुमारास विद्वानांच्या लॅटिनमध्ये दुसरेच नाव फिरत होते. रोमन लेखकांचा ‘इलेक्स’ म्हणजे भूमध्य सागराकाठचा एक सदाहरित ओक. त्याच्या कोवळ्या झाडाची पाने हॉलीसारखी टोचरी असतात. इंग्रजांनी त्याला ‘होम ओक’, म्हणजे ‘हॉलीसारखा ओक’ म्हटले. उलट वनस्पतिशास्त्रज्ञांनी ओकचे ‘इलेक्स’ हे नाव हॉलीला देऊन टाकले. स्वीडिश शास्त्रज्ञ कार्ल लिनियस याने १७५३ मध्ये या अदलाबदलीवर शिक्कामोर्तब केले. त्याच्या ग्रंथात हॉली ‘इलेक्स अक्विफोलियम’ झाली आणि तो ओक ‘क्वेर्कस इलेक्स’. ओकने हॉलीचे नाव घेतले, हॉलीने ओकचे.

त्याच ग्रंथात, त्याच वर्षी, मारांडीचेही बारसे झाले. ‘अकॅन्थस’ हा ग्रीक शब्द, अर्थ पुन्हा काटाच. कोरिंथियन स्तंभाच्या माथ्यावर कोरलेली पाने याच प्रजातीतील एका भूमध्यसागरी झाडाची असतात. ‘इलिसिफोलियस’ म्हणजे इलेक्सच्या पानांचा. ही वनस्पती युरोपला त्याआधीच ठाऊक होती. कोचीनचा डच अधिकारी हेन्रिक व्हान ऱ्हीड याने १६७८ ते १६९३ या काळात बारा खंडांत प्रसिद्ध केलेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या ग्रंथात तिचे चित्र ‘पायना चुळ्ळी’ या मल्याळी नावाने आले होते. या ग्रंथासाठी रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोकणी वैद्यांनी साहाय्य केले. १६७५ मधील त्यांचे नागरी लिपीतील प्रमाणपत्र ग्रंथात छापलेले आहे. स्थानिक नाव समोर असताना जगभर रूढ झाले ते पाहुण्या झाडाचे नाव, ही गोष्ट खटकण्याजोगी आहे.

साम्य मात्र लिनियसला वाटले असेल त्याहून अधिक निघाले. उन्हात वाढणाऱ्या मारांडीची पाने काटेरी असतात; दाट सावलीतील पानांच्या कडा पुष्कळदा सपाट, बिनकाट्याच्या. हॉलीप्रमाणे हिचाही काटा परिस्थितीनुसार येतो-जातो. बाकी सारे वेगळे. मारांडीच्या फुलाला वरची पाकळी जवळपास नसतेच, एकच रुंद ओठ खाली लोंबतो. वाळलेले फळ फटकन फुटून बिया दूर उडतात. मुळांवाटे शिरलेले मीठ पानांतील ग्रंथी बाहेर टाकतात. कोरड्या दिवसांत पानांवर त्याचे कण दिसतात. तिची खरी नातलग हॉली नसून अडुळसा, काटेकोरांटी आणि कारवी. मराठीत या कुळाला अडुळशावरून वासक कुल म्हणतात. नाहूरच्या पश्चिमेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांत २०१६ आणि २०२४ मध्ये कारवी फुलली, तेव्हा ती पाहायला गर्दी लोटली. पूर्वेची मारांडी दरवर्षी फुलते आणि तिच्याकडे फारसे कोणी फिरकत नाही.

या दुर्लक्षाला व्यावहारिक बाजूही आहे. काही अभ्यासक मारांडीला खऱ्या खारफुटीत गणतात, काही केवळ सहचर वनस्पतींत. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि पुढे २०१८ च्या निकालाने कांदळवनांना संरक्षण दिले. ऐरोली आणि वाशी पुलांदरम्यानचा खाडीचा पश्चिम काठ २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, तर २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पण मारांडी बहुधा वाढते ती कांदळवनाच्या जमिनीकडच्या कडेला, बांधांवर आणि उथळ चरांत. भराव पडू लागला की पहिला घाव याच पट्ट्यावर बसतो. कांजूरमार्ग, भांडुप आणि मुलुंड येथील २५५.९ एकर मिठागरांची जमीन धारावी पुनर्विकासातील घरांसाठी देण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मंजुरी दिली. अशा जमिनींची पाहणी होते तेव्हा यादीत ‘मारांडी’ असे लिहिले गेले, तर खारफुटीचा प्रश्न निदान उपस्थित होतो. ‘काटेरी झुडपे’ असे लिहिले गेले, तर तो उपस्थितच होत नाही.