कुळाचा शोध : कागदपत्रांच्या आधारे

दूरदूरच्या गावांहून कुलदैवताच्या दर्शनास येणाऱ्या अनेक कुटुंबांना आपले मूळ गाव व पणजोबांपलीकडची नावे ठाऊक नसतात. त्यास इतिहास कारण आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलातील तिसवाडी, बार्देश व साष्टी येथील देवालये पाडली गेली. कुशस्थळीचा श्रीमंगेश व केळोशीची श्रीशांतादुर्गा यांना भाविकांनी जुवारीपलीकडे अंत्रुज महालात नेले. देवांसमवेत अनेक कुळेही स्थलांतरित झाली आणि पुढे कोकण, कारवार, बेळगाव अशी पांगली. कुळाचा शोध घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी पुढील माहिती देत आहोत.

आरंभ घरापासून करावा. श्राद्धात पिता, पितामह व प्रपितामह यांची नावे गोत्रासह उच्चारली जातात. ज्येष्ठांकडून ती आजच लिहून घ्यावीत. जन्मपत्रिका, वाटणीपत्रे, गहाणखते व खरेदीखते पाहावीत. गोव्यात जन्म, विवाह व मृत्यू यांची नागरी नोंदणी १९१४ पासून आहे. देवस्थानांच्या महाजनांच्या नोंदवह्या व गावकरीची दप्तरे हीदेखील महत्त्वाची साधने होत. पणजी येथील पुराभिलेखागाराचा आरंभ १५९५ साली झाला असून तेथे पोर्तुगीजकालीन कागद जतन केलेले आहेत.

गोव्याबाहेर त्र्यंबकेश्वर, काशी, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या वंशावळी सापडतात. तेथे प्रथम मूळ गाव व आडनाव सांगावे लागते. पेशवेकालीन नोंदींसाठी पुणे पुराभिलेखागार उपयुक्त आहे. बहुतेक जुने मराठी कागद मोडी लिपीत असल्याने मोडी वाचकाचे साहाय्य घ्यावे, अथवा लिपी स्वतः शिकावी.

कागद वाचताना चार गोष्टींचे भान ठेवावे.

१) पोर्तुगीज नोंदींत आडनावांची रूपे बदलतात. शेणवी तेथे ‘सिनाई’ होतो, तर प्रभू ‘पोरोबो’ होतो.

२) शके वर्षात ७८ मिळविल्यास इसवी सन येतो, जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या तिथींसाठी ७९ मिळवावेत. शुहूर सन असल्यास सुमारे ५९९ मिळवावेत.

३) नातवास आजोबांचे नाव ठेवण्याच्या प्रथेमुळे एकच नाव एका पिढीआड येते. वडिलांचे नाव व साल जुळल्याखेरीज दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या मानू नयेत.

४) ‘कर’ प्रत्ययान्त आडनाव बहुधा केवळ गाव दर्शविते. आडनाव एक म्हणून कुळ एक असे होत नाही. गोत्र व कुलदैवतही पडताळावे.

बहुतेक जुन्या वंशावळींत पुरुषांचीच नावे असतात. घरात आलेल्या सुनांची माहेरची नावे व विवाहित कन्यांची सासरची नावे आपण आवर्जून लिहावीत. ती स्मरणारी पिढी गेल्यावर ती अन्यत्र मिळणे दुरापास्त होते.

प्रत्येक नावापुढे माहिती कोठून मिळाली ते नमूद करावे. जेथे दुवा संशयास्पद असेल तेथे प्रश्नचिन्ह ठेवावे. कीर्तिमान पुरुषाशी नाते जोडण्याच्या मोहाने भरलेली रिकामी जागा पुढील पिढ्यांना सत्य म्हणून वारशाने मिळते, आणि मग ती पुसणे कठीण जाते. चारच पिढ्या असोत, परंतु त्या साधार असाव्यात.