जागच्या जागी धावणारी सायकल

लंडनच्या फ्रान्सिस लाउंड्सने १७९६ साली 'जिम्नॅस्टिकॉन' नावाच्या एका यंत्राचं पेटंट घेतलं. लाकडी चौकट, मोठाली चाकं, पायांसाठी पावट्या आणि हातांसाठी दांडे असा त्याचा थाट होता. पायडलची सायकल यायला तेव्हा अजून साठ-सत्तर वर्षं होती. दुखण्यांनी जखडलेल्या शरीराला हालचाल घडवावी, हा यंत्राचा मूळ हेतू. पण त्याची शिफारस करणाऱ्यांनी आणखी एक फायदा सांगितला होता: व्यापाऱ्याला हिशेबाच्या वहीवरची नजर न काढता आणि विद्यार्थ्याला वाचता-लिहिता पाय चालवता येतील. डोळे आणि मन एकीकडे, पाय दुसरीकडे, ही कल्पना पडद्याच्या कितीतरी आधीची आहे.

आज आपण मागचं चाक काढून ज्या 'स्मार्ट ट्रेनर'वर सायकल चढवतो, त्याच्या कुळात दोन वेगळी घराणी आहेत. एक रस्त्याला पर्याय शोधणाऱ्यांचं, दुसरं श्रम मोजणाऱ्यांचं.

पहिल्या घराण्याचा मूळपुरुष रोलर. तीन आडवी नळकांडी आणि पुढच्या चाकालाही फिरतं ठेवणारा एक पट्टा, एवढंच. सायकल कशालाच बांधलेली नसते, त्यामुळे तोल स्वतःच सांभाळायचा. लक्ष उडालं की चाक कडेला सरकतं. युरोपातल्या हिवाळ्यात शर्यतपटूंचे पाय रोलरनेच जागते ठेवले. ब्रिटनमध्ये तर नृत्यगृहांतून आणि नाट्यगृहांतून रोलरच्या शर्यती रंगत आणि भल्यामोठ्या तबकडीवरचे काटे कोण पुढे आहे ते प्रेक्षकांना दाखवत.

दुसरं घराणं प्रयोगशाळेतलं. कोपनहेगनच्या ऑगस्ट क्रोग यांनी १९१३ साली विद्युतचुंबकी ब्रेक असलेल्या सायकल-अर्गोमीटरचं, म्हणजे श्रम मोजणाऱ्या सायकलचं, वर्णन प्रसिद्ध केलं. तांब्याची चकती चुंबकांमधून फिरू लागली की तिच्यात भोवरी प्रवाह तयार होतात आणि ते फिरण्याला विरोध करतात. आजच्या बहुतेक महागड्या ट्रेनरच्या पोटात हेच तत्त्व आहे. क्रोग यांना १९२० साली नोबेल मिळालं ते केशवाहिन्यांवरच्या कामासाठी, पण सायकलस्वारांवर त्यांचं हेही ऋण आहे.

पुढे १९५०च्या दशकात स्वीडनमध्ये फोन डोबेल्न आणि ओस्ट्रँड यांच्या कामातून मोनार्क अर्गोमीटर आकाराला आला, आणि या सगळ्या वंशावळीत मला सर्वांत देखणा तोच वाटतो. जड चाकाभोवती एक पट्टा, पट्ट्यावर लंबकाने दाखवलेला ताण. पायडलच्या एका फेऱ्याला चाकाची कड सहा मीटर सरकते. मिनिटाला पन्नास फेरे म्हणजे तीनशे मीटर. पट्ट्यावर एक किलोचा ताण असेल तर काम झालं मिनिटाला तीनशे किलोग्रॅम-मीटर, म्हणजे जवळपास पन्नास वॅट. हिशेब शाळकरी पोरालाही तोंडी करता येतो. वीज नको, आणि काटा बरोबर आहे का हे पाहायचं तर ठरावीक वजन टांगायचं.

या यंत्रातला एक गुण हळूहळू हरवला. मोनार्कवर ताण ठरलेला असतो. पाय थकले, फेरे कमी झाले की वॅटही आपसूक उतरतात, माणसाला उसंत मिळते. स्मार्ट ट्रेनरच्या 'अर्ग मोड'मध्ये वॅट ठरलेले असतात. शक्ती म्हणजे जोर गुणिले फेऱ्यांची गती. त्यामुळे पाय मंदावले की यंत्र ठरलेला आकडा राखण्यासाठी जोर वाढवतं, पाय आणखी मंदावतात, यंत्र आणखी आवळतं आणि काही सेकंदांत चाक जागीच थिजतं. सायकलवाले याला 'मरणाचा भोवरा' म्हणतात. रस्त्यावरचा चढ असा कधीच वागत नाही. चढावर माणूस हळू होतो, आणि हळू होण्याची मुभा हीच तर दमसासाची पहिली पायरी आहे.

दोन्ही घराण्यांची सोयरीक संगणकाने जुळवली. सिअॅटलच्या रेसरमेट कंपनीचा 'कॉम्प्युट्रेनर' १९८०च्या दशकाच्या अखेरीस निंटेंडोच्या खेळयंत्राला जोडता येई. वाहू कंपनीचा 'किकर' हा ट्रेनर २०१२ साली आला आणि २०१४ साली झ्विफ्ट या अॅपने पडद्यावर एक आभासी बेट आणलं. तिथून अडचणींचं स्वरूपच पालटलं. पूर्वी बिघाड म्हणजे सैल पट्टा किंवा झिजलेला टायर. आता ब्लूटूथ, अँट प्लस आणि घरचं वायफाय २.४ गिगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यात दाटी करतात आणि ऐन चढावर वॅटचा आकडा शून्यावर येतो. यंत्र तापलं की मोजमाप सरकतं, म्हणून आधी पाय गरम करा, मग कॅलिब्रेशन करा. अपडेट अर्ध्यात अडकतं. आपल्याकडे पावसाळ्यात वीज गेली की पंखाही बंद आणि चढही. खोलीत समोरून वारा नसल्याने पंखा ही चैन नव्हे. त्याच्याविना अंगातली उष्णता जायला वाट नाही आणि त्याच वॅटला नाडी चढत राहते. सकाळच्या मोकळ्या तासातली वीस मिनिटं तारा-सिग्नल जुळवण्यात गेली, तर तेवढी पायडलं मारायची राहून गेली, आणि दमसास बाकी कशाने वाढत नाही.

याची साक्ष सायकलीबाहेरची आहे, तरी ती द्यायलाच हवी. ऑकलंडमध्ये बुटांच्या कारखान्यात काम करणाऱ्या आर्थर लिडियार्ड यांनी स्वतःच्या अंगावर प्रयोग करत आठवड्याला शंभर मैलांची, म्हणजे सुमारे १६० किलोमीटर धावण्याची पद्धत बसवली. रविवारी वायाटारुआच्या डोंगरातला पस्तीस किलोमीटरचा फेरा. ८०० मीटर धावणारा पीटर स्नेलही त्यातून सुटत नसे. २ सप्टेंबर १९६० रोजी रोममध्ये एकाच दुपारी स्नेलने ८०० मीटरचं आणि मरे हालबर्गने ५००० मीटरचं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. साधनं कोणती? बूट, रस्ता आणि आपल्या आवाक्यातली चाल.

पण म्हणून ट्रेनर निरुपयोगी ठरत नाही. जिममधल्या 'स्पिनिंग'ची सायकल जॉनी गोल्डबर्गने लॉस एंजेलिसच्या गॅरेजात घडवली ती 'रेस अॅक्रॉस अमेरिका'च्या ध्यासातून, रात्रीचा रस्ता धोक्याचा वाटल्यावर. त्याच साधारण ४८०० किलोमीटरच्या शर्यतीत २०१५ साली नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू दोघांच्या संघातून उतरले आणि ती पूर्ण करून परतले. आपल्याकडे जुलैतला घाटरस्ता, धुकं आणि ट्रक पाहता कुणी घरात पायडल मारत असेल तर ते शहाणपणाचंच आहे. फक्त त्यासाठी साधा ट्रेनर, भक्कम पंखा आणि भिंतीवरचं घड्याळ पुरतं.

ट्रेनरच्या बाजूने सांगितला जाणारा सर्वांत मोठा दाखला सायकलपटू मॅथ्यू हेमनचा. फेब्रुवारी २०१६मध्ये बेल्जियमच्या एका शर्यतीत त्याचा हात मोडला. पाचेक आठवडे त्याने गॅरेजात ट्रेनरवर काढले आणि १० एप्रिलला पॅरिस-रूबेच्या दगडी रस्त्यांवर टॉम बूननला मागे टाकून तो जिंकला. ही गोष्ट खरी आहे आणि मला ती मनापासून आवडते. पण सांगणारे पुढचा तपशील गाळतात. हेमन तेव्हा सदतीस वर्षांचा होता आणि ही शर्यत तो पंधराव्यांदा धावत होता.