पंखा बदलण्याचा पर्यावरणाशी संबंध काय?

अणुकारखान्यातला जुना पंखा किंवा हवेची गाळणी बदलणे ही निव्वळ दुरुस्ती. तिला पर्यावरणीय परीक्षण कशाला, असा प्रश्न नेहमी येतो. त्याचे उत्तर 1957 सालात सापडते. 11 सप्टेंबरला अमेरिकेत डेन्व्हरजवळच्या रॉकी फ्लॅट्स कारखान्यात प्लुटोनियमने पेट घेतला. आग हवा बाहेर सोडणाऱ्या यंत्रणेत शिरली आणि ज्वलनशील गाळण्याच जळाल्या. महिन्याभरात इंग्लंडमधली विंडस्केलची अणुभट्टी पेटली. तिथे जॉन कॉकक्रॉफ्ट यांच्या आग्रहाने धुराड्यांच्या माथ्यावर गाळण्या बसवल्या होत्या. आधी या गाळण्यांची टवाळी झाली होती. आगीत त्यांनीच बराचसा किरणोत्सारी कचरा अडवला. (आयोडीन मात्र निसटले, आणि आसपासच्या गोठ्यांतले दूध ओतून द्यावे लागले.) गाळणी कशाची आणि कुठे, यावर कुंपणापलीकडच्या गावांचे आरोग्य अवलंबून होते.

1 जानेवारी 1970 रोजी अमेरिकेत असे परीक्षण बंधनकारक करणाऱ्या राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्यावर सही झाली, तरी अणुऊर्जा आयोगाने तो जेमतेमच पाळला. 1971 मध्ये कॅल्व्हर्ट क्लिफ्स खटल्यात न्यायालयाने त्याबद्दल आयोगाला फटकारले. परीक्षणाने सुरक्षेचेच काम रखडते, हा आक्षेप पोकळ नाही. पण या कायद्याच्या व्यवस्थेत किरकोळ कामांना सूट मिळते, मधल्या कामांना आटोपशीर मूल्यमापन पुरते. शिवाय वापरलेली गाळणी हाच किरणोत्सारी कचरा असू शकतो. ती कुठे जाणार हे आधी न ठरवता हाती घेतलेली दुरुस्ती अर्धवटच म्हणावी लागेल.