काचबिंदूचा ठावठिकाणा

1854 साली बर्लिनमधल्या पंचविशीतल्या एका डॉक्टरने काचबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात आत डोकावून पाहिले आणि तिथे जे होते त्याच्या नेमके उलटे लिहून ठेवले. डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस जिथून निघते, त्या जागी त्याला उंचवटा दिसला. प्रत्यक्षात तिथे खड्डा होता. हा डॉक्टर कोणी नवशिका नव्हता. आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे याने त्याच वर्षी नेत्ररोगांना वाहिलेले एक नियतकालिक सुरू केले होते आणि बर्लिनमधल्या त्याच्या दवाखान्यात दूरदूरचे रुग्ण येत. व्हिएन्नाच्या एडुआर्ड येगरलाही तसाच उंचवटा दिसला होता. दोघांची चूक झाली ती अवजार अगदी नवे असल्यामुळे. हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांचा नेत्रदर्शक जेमतेम तीन-चार वर्षांपूर्वी आलेला. एकाच डोळ्याने, मंद उजेडात त्यातून पाहायचे, त्यामुळे खोली कळत नसे. छाया आणि रक्तवाहिन्यांची वळणे पाहून उंच-सखल ठरवावे लागे.

वर्षभरातच अडॉल्फ वेबर या सहकाऱ्याच्या निरीक्षणामुळे ग्रेफेला आपली चूक उमगली आणि त्याने ती जाहीरपणे दुरुस्त केली. पुढे हाइनरिश म्यूलर यांनी मृत रुग्णांचे डोळे कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा नस खरोखरच मागे ढकलली जाऊन तिथे वाटीसारखा खोलगा झालेला आढळला. काचबिंदूची खरी जखम माणसाला दिसली ती इथे. त्याआधीची दोन हजार वर्षे ती भलत्याच ठिकाणी शोधली जात होती.

हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या सूत्रांमध्ये म्हाताऱ्या माणसांच्या व्याधींच्या यादीत या आजाराचे नाव येते. पण ते नाव नेमक्या कोणत्या विकाराला दिले होते, हे त्यावरून ठरवता येत नाही. सुश्रुतसंहितेत अधिमंथाचे वर्णन आहे: डोळा घुसळला जातोय, उपटला जातोय असे वाटणारी वेदना, आणि तिच्यासोबत अर्धे डोके ठणकणे. अचानक दाब वाढून होणाऱ्या तीव्र काचबिंदूशी हे वर्णन चांगलेच जुळते, म्हणून आजचे वैद्य दोन्हींची सांगड घालतात. मात्र ज्या काचबिंदूत काहीच दुखत नाही, डोळा लाल होत नाही आणि वर्षानुवर्षे नजर कडेकडेने कुरतडली जाते, तो जुन्या ग्रंथांत स्पष्टपणे सापडत नाही. त्याची तक्रारच कोणी करत नसे, आणि केली तरी फार उशिरा. तोवर तो माणूस नुसता ‘आंधळा’ या एका शब्दात जमा झालेला असे.

मोतीबिंदू आणि काचबिंदू यांची सरमिसळ तर अठराव्या शतकापर्यंत चालली. मोतीबिंदू म्हणजे भिंगासमोर गोठलेला एखादा द्रव, अशी समजूत होती. 1705 साली मिशेल ब्रिसो या फ्रेंच डॉक्टरने मोतीबिंदू झालेल्या एका मृत सैनिकाच्या डोळ्यावर सुईची शस्त्रक्रिया करून पाहिली, मग डोळा उघडला, आणि सुईने खाली पाडलेली वस्तू हे प्रत्यक्ष भिंगच असल्याचे दाखवले. मोतीबिंदूचा पत्ता पक्का झाला. काचबिंदू मात्र बेघरच राहिला. ब्रिसोने तो भिंगामागच्या काचद्रवात असावा असे मानले.

बोटांना मात्र काही तरी आधीच कळले होते. 1622 साली रिचर्ड बॅनिस्टर या इंग्रज वैद्याने लिहिले की, ज्या अंधत्वात डोळा बोटाखाली कठीण लागतो तिथे बरे होण्याची आशा नाही. ते बराच काळ दुर्लक्षित राहिले. 1830 साली ग्लासगोच्या विल्यम मॅकेन्झी यांच्या ग्रंथात डोळ्याच्या कठीणपणाला ठळक जागा मिळाली आणि आतले पाणी टोचून काढावे ही सूचनाही आली.

हे पाणी काय आहे, ते इथेच सांगायला हवे. बुबुळाच्या रंगीत पडद्यामागे एक स्वच्छ द्रव अखंड तयार होत असतो, मिनिटाला साधारण दोन मायक्रोलिटर. तो बाहुलीतून पुढे येतो आणि पडदा व पारदर्शक पटल यांच्यामधल्या कोनात असलेल्या बारीक जाळीतून झिरपून रक्तात मिसळतो. झिरपणे मंदावले की दाब चढतो. डोळ्याचे कवच चिवट आहे. त्यात कमकुवत जागा एकच, जिथून सुमारे दहा लाख तंतूंची नस चाळणीसारख्या पटलातून बाहेर पडते. हे भोक जेमतेम दीड मिलिमीटरचे. दाबाचा भार तिथे पडतो, तंतू पिचतात, त्यांचा रक्तपुरवठा व आतली वाहतूक अडते आणि ते मरतात. मेलेला तंतू पुन्हा उगवत नाही.

ग्रेफेने दुसरी मोठी गोष्ट केली ती 1856-57 मध्ये. रंगीत पडद्याचा छोटा तुकडा कापून काढला की डोळ्याचा दाब उतरतो, असे त्याच्या लक्षात आले होते. वेदनेने तळमळणाऱ्या तीव्र काचबिंदूच्या रुग्णांवर त्याने तीच शस्त्रक्रिया केली आणि नजर वाचली. असाध्य समजला गेलेला रोग पहिल्यांदाच शस्त्राला बधला. का बधला, हे त्यालाही नीट माहीत नव्हते. पडद्यामागे तुंबलेल्या पाण्याला नवी वाट मिळते आणि कोन उघडतो, हा खुलासा विसाव्या शतकात झाला. बंद कोनाच्या काचबिंदूत आज लेझरने पडद्याला बारीक भोक पाडतात, तेही याच कारणासाठी. 1870 साली, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी ग्रेफे क्षयाने गेला.

औषधाची कथा आणखी दूरच्या मुलखातली आहे. आजच्या नायजेरियातल्या कालाबार भागात एक विषारी शेंग वाढते. तिचे बी आरोपीला खायला घालायचे; जगला तर निर्दोष, मेला तर गुन्हेगार. 1855 साली एडिनबराचे रॉबर्ट ख्रिस्टिसन यांनी ते बी स्वतः खाऊन पाहिले आणि लक्षणे वाढल्यावर दाढीचे पाणी पिऊन वांती केली. त्याच शहरातल्या डग्लस अर्गाइल रॉबर्टसन यांनी 1863 मध्ये त्याचा अर्क स्वतःच्या डोळ्यात घातला आणि बाहुली आकसते हे नोंदवले. शेवटचा दुवा स्ट्रासबुर्गच्या लुडविग लाकर यांनी जोडला. त्यांना स्वतःलाच काचबिंदूने गाठले होते. 1876 च्या सुमारास त्यांनी या बीपासूनच्या औषधाने दाब उतरतो हे प्रसिद्ध केले, आणि पुढे स्वतःच्या डोळ्यांवर ग्रेफेची शस्त्रक्रियाही करून घेतली. ज्याची नजर जात होती त्यानेच जगाला काचबिंदूचे पहिले उपयोगी औषध दिले, हे कोणत्याही वैद्यकीय पाठ्यपुस्तकात ठळक अक्षरांत छापावे असे आहे.

पुढचा मोठा टप्पा भारतात घडला, आणि त्याची आठवण आपल्याकडे फारशी कोणी काढत नाही. मद्रासचे डोळ्यांचे सरकारी रुग्णालय 1819 पासूनचे, जगातल्या सर्वांत जुन्या नेत्ररुग्णालयांपैकी एक. 1904 मध्ये इंडियन मेडिकल सर्व्हिसचे रॉबर्ट हेन्री एलियट तिथे प्रमुख म्हणून आले. त्यांच्यापुढे रोज येणारे डोळे युरोपातल्या डॉक्टरला वर्षभरातही दिसले नसते. गावोगाव फिरून सुईने मोतीबिंदू पाडणाऱ्यांच्या हातून बिघडलेले डोळेही त्यांत असत, आणि त्यांतल्या कित्येकांत दाब वाढलेला असे. या सुईच्या शस्त्रक्रियेवर एलियट यांनी पुढे स्वतंत्र पुस्तकच लिहिले.

ग्रेफेची शस्त्रक्रिया तीव्र काचबिंदूत उपयोगी पडे, पण मुकाट्याने वाढणाऱ्या, खुल्या कोनाच्या प्रकारात निष्फळ ठरे. एलियट यांनी 1909 मध्ये आपली पद्धत मांडली. पारदर्शक आणि पांढऱ्या पटलाच्या सीमेवर, वरच्या पातळ आवरणाची घडी उचलून, गोल पात्याच्या चिमुकल्या अवजाराने दीड-दोन मिलिमीटरचे भोक पाडायचे आणि आवरण पुन्हा झाकायचे. पाणी त्या आवरणाखाली झिरपते, दाब कायमचा उतरतो. मद्रासची ही शस्त्रक्रिया युरोप-अमेरिकेत पोहोचली आणि पुढे अनेक वर्षे केली जात होती. तिच्यात दोष होता: वरचे आवरण फार पातळ, त्यामुळे कित्येक वर्षांनंतरही जंतुसंसर्ग आत शिरण्याची भीती. 1968 मध्ये केंब्रिजच्या जॉन केर्न्स यांनी भोकावर पांढऱ्या पटलाचीच झडप ठेवण्याची युक्ती रूढ केली. ट्रॅबेक्युलेक्टोमी या नावाने ती आज पुण्या-मुंबईतही होते.

दरम्यान कोपनहेगनमध्ये यानिक ब्येरूम यांनी 1889 मध्ये आपल्या तपासणीच्या खोलीच्या दाराची मागची बाजू कामाला लावली. रुग्णाला मध्यावर नजर खिळवायला सांगायची आणि लहानशी पांढरी टिकली हळूहळू सरकवायची. जिथे ती दिसेनाशी होई तिथे खूण. काचबिंदूच्या रुग्णांत एक ठरावीक आकार वारंवार उमटला: मध्यबिंदूला वळसा घालून जाणारी कमान. डोळ्याच्या मागच्या दृष्टिपटलावर तंतू तसेच कमानीने वळून नसेत शिरतात, म्हणून ही आंधळी कमान. मध्य शाबूत राहतो, म्हणूनच रुग्ण तक्ता वाचतो, सुईत दोरा ओवतो आणि आपले सगळे ठीक आहे असे समजतो.

एवढे हाती असूनही विसाव्या शतकात एक आकडा सगळ्यांवर स्वार झाला. 1905 मध्ये नॉर्वेच्या ह्याल्मार श्योत्झ यांचे दाबमापक आले, पुढे बर्नच्या हान्स गोल्डमान यांचे अधिक अचूक यंत्र आले, आणि पाऱ्याच्या 21 मिलिमीटरच्या आत असलेला डोळा निरोगी, वर गेलेला रोगी, अशी वाटणी पक्की झाली. आकडा सोपा असतो, म्हणूनच तो डोळेझाक करायला लावतो. 2000-2001 मध्ये जपानच्या ताजिमी शहरात पाहणी झाली, तेव्हा खुल्या कोनाच्या काचबिंदूच्या रुग्णांपैकी 92 टक्क्यांचा दाब 21 च्या आतच निघाला. उलट, ज्यांचा दाब जास्त आहे अशा अनेकांची नस आयुष्यभर धड राहते. व्याख्या बदलणे भाग पडले. आता काचबिंदू म्हणजे नसेचा एक ठरावीक ऱ्हास. दाब हा त्याचा सर्वांत मोठा धोका.

तरीही उपचार आजही दाबावरच होतो, कारण सिद्ध झालेला दुसरा उपाय नाही. 1978 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले टिमोलॉल आणि 1996 मधले लॅटानोप्रोस्ट यांनी थेंबांनी दाब उतरवणे सुकर केले. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात, दाब जास्त पण नस निरोगी असलेल्या लोकांना थेंब दिल्यावर पाच वर्षांत काचबिंदू होण्याचे प्रमाण 9.5 टक्क्यांवरून 4.4 टक्क्यांवर आले.

आपल्याकडच्या पाहण्यांनी वेगळे दुखणे उघड केले. नागपूरजवळच्या खेड्यांत 2006 ते 2008 या काळात तीस वर्षांवरच्या 4,711 ग्रामस्थांचे डोळे तपासले गेले. नसेची छायाचित्रेही काढली गेली. तमिळनाडू आणि आंध्र प्रदेशातल्या पाहण्यांत काचबिंदू सापडलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांना आपल्याला तो आहे याची कल्पनाच नव्हती. त्यांतल्या कित्येकांचा दाब तपासणीच्या दिवशी सामान्य होता, म्हणजे नुसते दाब मोजणारे शिबिर त्यांना बिनधोक ठरवून घरी पाठवते. चाळिशीत वाचायचा चष्मा घ्यायला दुकानात जाणाऱ्याची बाहुली मोठी करून नस कोणी पाहत नाही. काचबिंदूच्या रुग्णाच्या सख्ख्या भावंडांना तो होण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी पट असते, म्हणून जागरूक नेत्रतज्ज्ञ आता रुग्णाच्या कागदावर थेंबांच्या नावाखाली आणखी एक ओळ लिहितात: पुढच्या वेळी भाऊ-बहिणींना सोबत आणावे.