ध्वनीच्या दप्तराची कुळकथा

बेंगळुरूच्या एखाद्या बऱ्यापैकी ध्वनिमुद्रणगृहात कन्नड चित्रपटगीताचे काम चालू असता संगणकाच्या पडद्याकडे पाहिले, तर जे गाणे कानांना एकजीव आणि सुघटित वाटते, तेच डोळ्यांपुढे शंभर-सव्वाशे आडव्या पट्ट्यांत विभागलेले दिसते : मृदंगाच्या उजव्या तोंडाची एक पट्टी, डाव्या तोंडाची दुसरी, घटमची तिसरी, व्हायोलिनच्या ताफ्याच्या आठ-दहा, कोरसातील प्रत्येक आवाजाच्या दोन-दोन, आणि गायिकेने एकच ओळ निरनिराळ्या तऱ्हांनी गाऊन ठेवली असेल तर त्या प्रत्येक खेपेची स्वतंत्र. व्यवसायातील मंडळी या पट्टीला ट्रॅक म्हणतात, आणि असे अनेक ट्रॅक एका शीर्षकाखाली एकत्र करून हवे तेव्हा उघडता व हवे तेव्हा मिटता यावेत अशी जी सोय असते तिला फोल्डर ट्रॅक. सोय पाहावी तर अगदी साधी; कारकुनाच्या नित्याच्या कामातली. तथापि प्रो टूल्स या ज्या सॉफ्टवेअरला जगभरच्या ध्वनिमुद्रणगृहांत प्रमाण मानले जाते, ते १९९१ साली बाजारात आले आणि फोल्डर ट्रॅक त्यात दाखल झाला तो २०२०च्या मार्च महिन्याचा क्रमांक धारण करणाऱ्या आवृत्तीत. मध्ये जवळजवळ तीन दशके लोटली. इतक्या साध्या गोष्टीला इतका अवधी का लागावा, याचे उत्तर तिच्या कुळातच सापडते. कारण ती दोन अगदी भिन्न घराण्यांतून आली आहे. त्यांतले एक कागदाचे, दुसरे विजेचे. आणि या दोहोंचा संबंध जुळवताना कोणाचाही जुना हिशेब मोडू न देणे हे काम पहिल्या दर्शनी वाटते त्याहून फार अवघड होते.

कागदाचे घराणे वयाने वडील. बोलपटाच्या आरंभी त्याची गरजच नव्हती. १९३२ साली प्रभातने कोल्हापुरात 'अयोध्येचा राजा' काढला त्या काळात नट कॅमेऱ्यापुढे गात असत, वादकांचा ताफा जवळच कोठेतरी आडोशाला बसे, आणि सारा ध्वनी एकाच वेळी, एकाच पट्टीवर उमटे. जेथे एकच ट्रॅक तेथे वर्गवारी कशाची करणार? पुढे संवाद, संगीत आणि इतर आवाज निरनिराळ्या रिळांवर ठेवून शेवटी त्यांचे एकत्रीकरण करण्याची पद्धत रूढ झाली, तेव्हा कोणते रीळ कोणत्या क्षणी वर उचलायचे आणि कोणते खाली बसवायचे याची नोंद ठेवणे अपरिहार्य होऊन बसले. बेंगळुरूहून पन्नासेक किलोमीटरांवर रामनगरचे खडक आहेत. १९७५ साली प्रदर्शित झालेल्या 'शोले'चे चित्रण तेथे झाले, आणि त्याच्या ध्वनीचे पुनर्मुद्रण मंगेश देसाई यांच्या हातून झाले, ज्यांची कारकीर्द व्ही. शांतारामांच्या परळ येथील राजकमल कलामंदिरात बहरली आणि ज्यांच्या कानावर सत्यजित राय यांच्यासारख्या दिग्दर्शकानेही भरवसा टाकला. घोड्यांच्या टापा, बंदुकीचे बार, माऊथ ऑर्गनची एकाकी धून आणि गब्बरचा संवाद यांची रिळे एकाच वेळी फिरत असता पुनर्मुद्रकापुढे असे ते क्यू शीट, म्हणजे प्रत्येक रिळासाठी एकेक उभा रकाना आखलेला व कितव्या फुटावर काय येणार ते वरपासून खालपर्यंत लिहिलेला कागदाचा ताव. आजच्या पडद्यावरील ट्रॅकांची मांडणी हा त्याच तावाचा वंशज आहे. फरक एवढाच की काळ तेथे वरून खाली वाहत असे आणि येथे तो डावीकडून उजवीकडे वाहतो.

गाण्यांच्या ध्वनिमुद्रणात हीच निकड दुसऱ्या वाटेने आली. १९५७ साली अमेरिकेतील अँपेक्स कंपनीने लेस पॉल या गिटारवादकासाठी आठ ट्रॅकांचे टेपयंत्र तयार केले, ज्यावर आधी वाजवलेले ऐकत-ऐकत त्याच्याशी मेळ साधून नवे वादन शेजारच्या ट्रॅकवर भरता येई. आठांचे सोळा झाले, सोळांचे चोवीस झाले, आणि दोन इंच रुंदीच्या टेपच्या प्रत्येक खोक्यात एक ट्रॅक शीट ठेवण्याचा शिरस्ता पडला : चौकोन आखलेला कागद, प्रत्येक चौकोनात वाद्याचे किंवा गायकाचे नाव. मिक्सरवर फेडरांच्या, म्हणजे ध्वनीची पातळी वर-खाली करणाऱ्या सरकत्या खुंट्यांच्या, खाली पांढरी कागदी चिकटपट्टी लावून तिच्यावर पेनाने हीच नावे पुन्हा लिहिली जात, आणि काम संपले की ती पट्टी सोलून पुढच्या गाण्यासाठी नवी लावली जाई. या सर्व नोंदींचा एक समान गुणधर्म होता : त्या डोळ्यांना वाट दाखवीत, परंतु ध्वनीला त्यांचा स्पर्शही होत नसे. चिकटपट्टीवर 'तबला'च्या जागी चुकून 'ढोलक' लिहिले गेले तरी वाजायचा तो तबलाच.

विजेच्या घराण्याची प्रकृती याच्या नेमकी उलट होती. मिक्सरवर पुष्कळ वाद्ये आली आणि हाताची बोटे मात्र दहाच राहिली, तेव्हा सगळी व्हायोलिने एका सामाईक मार्गाने, म्हणजे ज्याला बस म्हणतात त्याने, एका फेडरवर आणावीत आणि तो एकच फेडर हलवून साऱ्या ताफ्याला वर-खाली करावे, ही युक्ती निघाली. येथे गट हा केवळ नावापुरता राहिला नाही. ध्वनी खरोखरच त्याच्यातून वाहू लागला. डेव्हिड ब्लॅकमर या अभियंत्याने १९७१ साली स्थापलेल्या डीबीएक्स कंपनीने विद्युद्दाबाने नियंत्रित होणाऱ्या ध्वनिवर्धकाचा, म्हणजे व्हीसीएचा, मार्ग मोकळा केल्यावर गटाचा आणखी एक प्रकार अस्तित्वात आला. त्यात मुख्य फेडरमधून ध्वनी जातच नाही. तो आपल्या अखत्यारीतील फेडरांना दुरून हुकूम तेवढा सोडतो, आणि ते आपापल्या जागी राहून वर-खाली होतात.

हा भेद पुस्तकी नव्हे, कानांनी प्रत्यक्ष अनुभवण्याजोगा आहे. कोरसाचे आठ आवाज एका बसमध्ये आणले आहेत, आणि त्या प्रत्येकाच्या फेडरनंतरच्या भागातून थोडा ध्वनी घुमारा देणाऱ्या यंत्राकडे, रिव्हर्बकडे, स्वतंत्र वाटेने जात आहे, असे समजा. आता बसचा फेडर अगदी तळाला नेला, तर मूळ आवाज नाहीसे होतात पण त्यांचा घुमारा मागे तसाच राहतो, कारण त्याची वाट बसवरून जातच नव्हती. हाच गट व्हीसीएच्या ताब्यात असता, तर प्रत्येक सभासदाची पातळी मुळातच उतरली असती आणि तिच्याबरोबर घुमाराही उतरला असता. उलट, आठही आवाजांना एकत्रित दाब देणारा काँप्रेसर बसवायचा असेल, तर त्याला ध्वनी हाताशी लागतो, आणि तो केवळ बसमध्येच मिळतो. म्हणजे 'हे आठ ट्रॅक एकत्र कर' या एका वाक्याचे निदान तीन निरनिराळे अर्थ संभवतात : एकत्र दाखव, एकत्र हलव आणि एकत्र वाहू दे. सॉफ्टवेअरच्या रचनाकारांपुढील पेच तो हाच.

बेंगळुरूला ध्वनिमुद्रणाच्या विद्येचे घर मिळाले ते शंकर नाग व अनंत नाग या बंधूंमुळे. कन्नड चित्रपटांची गीते मद्रासला जाऊन मुद्रित करण्याची वहिवाट त्या काळी पक्की होती. ती सोडून या नगरातच चांगल्या दर्जाचे काम व्हावे या जिद्दीने त्यांनी 'संकेत' हे ध्वनिमुद्रणगृह उभे केले. मराठी वाचकाला शंकर नाग परके नाहीत. मुंबईच्या मराठी रंगभूमीवर ते वावरले आणि '२२ जून १८९७' या मराठी चित्रपटाच्या पटकथेलाही त्यांचा हात लागला. १९९० साली अपघाताने त्यांचे अकाली निधन झाले; त्याच्या पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात प्रो टूल्स जन्माला आले.

पीटर गॉचर आणि इव्हान ब्रूक्स या दोघांनी स्थापलेल्या डिजिडिझाइन कंपनीचे ते अपत्य. आरंभी त्यात ट्रॅक होते अवघे चार, आणि चार ट्रॅकांसाठी दप्तरखाना कोणी मागत नाही. ट्रॅकांची संख्या वाढत गेली तसतसे ग्रुप आले, ट्रॅक लपवण्याची सोय आली, रंग आले, बसचे काम करणारे ऑक्स ट्रॅक तर होतेच, पुढे व्हीसीएही आले. आणि प्रत्येक ध्वनिमुद्रणगृहाने या साधनांतून आपली निराळी शिस्त घडवली. दरम्यान इतर सॉफ्टवेअरांनी आपापली उत्तरे काढली. जस्टिन फ्रँकेल यांच्या रीपरमध्ये कोणताही ट्रॅक इतरांचा पालक होऊ शकतो आणि पाल्यांचा ध्वनी सहजच त्याच्यातून वाहतो. एबलटन लाइव्हने २००९ साली ग्रुप ट्रॅक आणले, पण गटाच्या पोटात गट ठेवण्याची मुभा २०१८ साली दिली. ॲपलच्या लॉजिकने २०१३ साली ट्रॅक स्टॅक आणताना वापरणाऱ्याला स्पष्ट विचारले की, ट्रॅक नुसते गोळा करायचे आहेत की त्यांच्या ध्वनीची बेरीज करायची आहे.

प्रो टूल्सने २०२० साली हाच प्रश्न आपल्या मांडणीचा पाया केला आणि फोल्डरचे दोन प्रकार दिले. पहिला बेसिक फोल्डर. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत, आणि गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यांतून निवड करून १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस खंड सिद्ध केले. रुमाल बांधला काय अन् सोडला काय, आतल्या पत्रातील मजकुराचे एक अक्षरही हलत नाही. बेसिक फोल्डरचे तसेच आहे : ट्रॅक त्यात ठेवल्याने वा बाहेर काढल्याने गाण्याच्या ध्वनीत फरक पडत नाही. दुसरा राउटिंग फोल्डर; त्याला स्वतःचा फेडर आहे, त्यावर काँप्रेसर बसवता येतो, आणि सभासदांचा ध्वनी त्याच्यातून वाहतो. दोन्ही प्रकार एकमेकांच्या पोटात ठेवता येतात, आणि मिटलेल्या फोल्डरवर आतील मुद्रणाची पुसट आकृती दिसत राहते, जेणेकरून दृष्टीआड गेलेला ट्रॅक विस्मरणात जाऊ नये.

आता विलंबाचे कारण ध्यानात येते. नव्याने लिहिलेले सॉफ्टवेअर जन्मतःच एक अर्थ निवडू शकते, कारण त्याच्या मागे कोणाचे काम साठलेले नसते. प्रस्थापित सॉफ्टवेअरच्या मागे मात्र असंख्य सेशन, म्हणजे त्यात जतन करून ठेवलेली कामे, उभे असतात. बेंगळुरूत मुद्रित केलेले गाणे मिश्रणासाठी चेन्नईला किंवा मुंबईला जाते, आणि दहा वर्षांनी कोणी त्याची नवी आवृत्ती काढू म्हटले तर तेच सेशन पुन्हा उघडले जाते. ते उघडताच मृदंगाचे डावे तोंड पूर्वीइतकेच भरदार वाजले पाहिजे आणि गायिकेच्या आवाजामागचा घुमारा केसभरही हलता कामा नये. म्हणून रचनाकाराला प्रत्येक बारकाव्याचा निवाडा करावा लागतो : ट्रॅक फोल्डरमध्ये ओढला तर त्याचा मूळ मार्ग आपोआप बदलावा काय? फोल्डर मूक केला आणि पुन्हा बोलता केला, तर आतील जो ट्रॅक आधीपासूनच मूक होता त्याने काय करावे? मिटलेल्या फोल्डरवर कात्री चालवली तर आतील सर्वांवर ती चालावी काय? यांतला प्रत्येक प्रश्न कारकुनी भासतो, आणि प्रत्येकाचे उत्तर शेवटी कोणाच्या तरी गाण्यावर जाऊन आदळते.

म्हणूनच या कुळकथेतून मी घेतो तो बोध असा की, व्यवस्था लावणे हे कलेच्या दाराबाहेरचे काम नव्हे. जेथे रचना केवळ डोळ्यांसाठी आहे तेथे तिने ध्वनीला हात लावू नये, आणि जेथे ती ध्वनीला हात लावणार आहे तेथे तिने ते आधी उघडपणे सांगावे. क्यू शीट आखणाऱ्यांनी आणि बसची जोडणी करणाऱ्यांनी हा नियम आपापल्या परीने पाळलाच होता, कारण कागद आणि तार यांत गफलत होण्याचा संभव नव्हता. संगणकाच्या पडद्यावर दोन्ही एकाच रूपाने दिसू लागली, आणि त्यांची सीमा पुन्हा आखण्याचे दायित्व रचनाकारावर येऊन पडले. ती सीमा जो स्पष्ट आखतो आणि जुन्या सेशनला धक्का लागू देत नाही, त्याने उशीर केला तरी तो क्षम्य मानावा. कारण त्या उशिराच्या बदल्यात आधीच्या पिढीचे गाणे, तिने ठेवले तसे, आपल्या हाती पोहोचते.